डावीकडे झिजलेली पिन

आधी भिंत तपासायची.
लोक थेट यंत्रावर आळ घेतात
आणि दोष निघतो प्लगात,
नाहीतर कुणाच्या तरी पायाने
बंद झालेल्या एखाद्या बटणात.
नारीनच्या बाजारात, या लोखंडी कंटेनरमधून,
असे तिघे मी याच आठवड्यात परत पाठवले,
पैसे न घेता, थोडं हसून.

सबिरकुल आजोबांची भिंत ठीक होती.
टोपी मांडीवर ठेवून तेच म्हणाले,
"त्याच प्लगवर किटली उकळते, उस्ता."
चाळीस वर्षं हवामान-केंद्रावर
बर्फाची खोली मोजलेला माणूस,
नोंदीशिवाय बोलत नाही.
वहीच काढली त्यांनी.
सोमवार, सकाळी नऊ दहा: दिवा लागला, विझला.
मंगळवार: वायर वर उचलून धरली, तेव्हा लागला.
बुधवार: वायरीखाली साखरेचा डबा ठेवला. लागला.
गुरुवार: डबा, वही, बोट. नाही.
शुक्रवार: नवा चार्जर, नऊशे सोम.
नाही.

दुखणं एकीकडे, लेप भलतीकडे.
पण नऊशे सोम मोजलेल्या माणसाला हे
तोंडावर कसं सांगायचं?
मी मल्टिमीटर काढला.
जुन्या चार्जरच्या टोकाशी एकोणीस व्होल्ट,
नव्याच्याही तेवढेच.
म्हणजे वीज दारापर्यंत येते
आणि उंबऱ्यावर अडते.

अकरा स्क्रू. बारावा आधीच कुणीतरी हरवलेला.
आत मेंढीची लोकर, चहाची पत्ती,
आणि पोट फुगलेली बॅटरी.
"हिला किती दिवस झाले?"
"वायर काढली की दोन मिनिटं टिकते.
आधी पाच टिकायची. लिहिलंय मी."

मग भिंगाखाली ते छोटं भोक.
सोल्डरला केसाएवढी चीर, गोल,
आणि पिन झिजलेली फक्त डावीकडे.
पडून असं होत नाही.
असं होतं रोज, एकाच दिशेला,
लागलेल्या वायरीसकट ओढलं की.

"आजोबा, हा तुम्ही कुठे वळवता?"

चोरी पकडलेल्या पोरासारखे गप्प.
मग म्हणाले, खिडकीकडे.
मीरगुल येकातेरिनबुर्गला असते,
गोदामात खोकी बांधते, रात्रपाळी.
सकाळी बोलते, पेंगत, कोट अंगावरच.
फोन ठेवताना विचारते, "बाबा, आज किती?"
"मी आकडा सांगतो. बेचाळीस. त्रेचाळीस.
तिला आकडा नको असतो."

"मग टेबलच खिडकीपाशी न्या."
"मागून उजेड आला की मी काळा दिसतो.
म्हणते, बाबा, तुम्ही कुठे गेलात?"

यावर माझ्याकडे अवजार नव्हतं.
मी सोल्डर तापवला.
धूर वर गेला, छताला लागून पांगला.
नवी बॅटरी बिश्केकहून यायला अकरा दिवस,
तेही घाट उघडा राहिला तर.
तोवर ड्रॉवरमधली एक जुनी घातली,
कुणीतरी परत न नेलेल्या लॅपटॉपची.
बजावून सांगितलं:
आधी वायर काढायची, मग वळवायचं.
ही पाऊण तास धरेल.
आजोबांनी ते वहीत लिहिलं,
'पाऊण तास'खाली रेघ ओढली.
नवा चार्जर परत करा, असंही म्हटलं.
ते नाही लिहिलं.

प्लग लावला.
क्षणभर काही नाही. ते मी मोजत नाही, मोजू नये.
मग कडेला केशरी दिवा.

दिव्याकडे पाहतो कोण!
पडदा उजळतो न उजळतो तोच
त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून
कंटेनरच्या दाराकडे फिरवायला घेतला,
जिथे पलीकडच्या डोंगरावर
सकाळपासून पडतच होतं.

"आजोबा, वायर!
वायर!"